अठरा किलोंची जागा

मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत जिन्याखाली एक बॅटरी असते. इन्व्हर्टरची, दीडशे एएचची, पाणी भरलेली असेल तर पन्नास-साठ किलोंची. ती तिथेच का, हे कुणी विचारत नाही. जागा मोकळी होती, प्लग जवळ होता, कुणाच्या पायात येत नव्हती, विषय संपला. ट्रॅक्टरची बॅटरी कंपनीने जिथे ठेवली तिथे, मोटारसायकलची साइड कव्हरच्या आत. आम्ही जमिनीवरची माणसं. बॅटरी वीज देते, एवढं आम्हाला पुरतं. तिला वजन असतं हे दुकानातून उचलून आणताना कंबरेत चमक भरली तरच आठवतं.

हलक्या, वेगाच्या बोटीत मात्र आधी वजन दिसतं आणि वीज नंतर. हे मला पन्नाशीच्या आसपास कळलं, आणि तेही दाजींमुळे.

दाजींनी कोकणातून एक जुनी फायबरची बोट आणली. चौदा फूट लांब, उथळ ‘व्ही’ आकाराचं बूड, मागच्या फळीला चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. इंजिन काढलं तर चार जण सहज उचलतील इतकी हलकी. ‘पुरात कामाला येईल’ असं ते ताईला सांगत. गोदावरीकाठी राहणाऱ्या माणसाला हे कारण शोभतंही; नांदेडला पुराचं नवल नाही. पण खरं कारण वेग होतं, हे ताईलाही ठाऊक होतं आणि मलाही. ज्या मुलखात 2016 साली लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे पाण्यावर वेगाने जायची हौस बाळगणं जरा चमत्कारिकच. मला तो चमत्कारिकपणा आवडतो. जायकवाडीच्या काठी पोरं थर्माकोलच्या तुकड्यावर बसून शाळेला जातात अशा बातम्या येतात, आपल्याकडे साधी बरी नाव मिळत नाही, आणि इथे एक माणूस बोटीचा वेग ताशी दोन-चार किलोमीटरनी वाढावा म्हणून झोप घालवतो. दोन्ही गोष्टी एकाच नदीवरच्या आहेत.

बोट कुठे चालवायची हाही प्रश्नच होता. दाजींच्या डोळ्यांपुढे नाथसागर होता. पंचावन्न किलोमीटर लांबीचं पाणी म्हटल्यावर तो असणारच. पण जायकवाडीचा तो जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात, आणि त्यांच्यामधून टू-स्ट्रोक इंजिन बोंबलत नेणं मला तरी पटलं नसतं. म्हणून मग परवानगीचे कागद करून घराजवळचं विष्णुपुरी धरणाचं पाणी. तेही वरच्या धरणांतून विसर्ग सुरू असेल आणि दरवाजे उघडे असतील तेव्हा नाही.

पाण्यात उतरवल्यावर बोटीने तिचा स्वभाव दाखवला. थ्रॉटल दिला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, सरळ आभाळाकडे. दाजींना समोरचं पाणी दिसेना, फक्त बोटीचं टोक आणि ढग. बराच वेळ ती तशीच मागच्या बुडावर बसून पाणी ढकलत राही, इंजिन ओरडे, वेग वाढेना. मग केव्हातरी एकदम सपाट होई आणि पळू लागे. पळाली की दुसरं सुरू: नाळ खाली-वर, खाली-वर, एका तालात. वेग जितका वाढवावा तितक्या त्या उड्या मोठ्या.

काठावर जाळं विणत बसणारे एक मामा होते. त्यांनी हे दोन-तीनदा पाहिलं आणि म्हणाले, “उलार व्हायलीय की ओ तुमची नाव.”

बैलगाडी ज्यांनी भरलीय त्यांना एवढं वाक्य पुरेसं आहे. पोती आसाच्या मागे जास्त झाली की धुरा वर उचलते, जू उठतं, बैलांच्या गळ्याला जोतं काचतं. गाडीत पोती तितकीच असतात. एक पोतं हातभर पुढे सरकवलं किंवा गाडीवान स्वतः धुरेवर सरकून बसला की बैल मोकळा श्वास घेतात. आणि फार पुढे भरली तर सगळा भार त्यांच्या मानेवर.

बोटीचं गणित थोडं वेगळं, पण मुळाशी हेच. हळू चालणारी बोट आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारून तरंगते. वेग वाढला की पाणी बुडाला खालून वर दाबतं आणि बोट पाण्यात कमी, पाण्यावर जास्त चालते. बोटवाले याला ‘प्लेनवर येणं’ म्हणतात. तिथे पोचायच्या आधी तिला स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढावं लागतं, आणि भार मागे असला तर हा चढ जास्त उभा होतो. वर पोचल्यावरही ताप संपत नाही. मागच्या थोड्याशा बुडावर सगळा भार पेलला जात असतो. नाळ उठते, पेलणारं पाणी कमी होतं, नाळ पडते, पुन्हा उठते. इंजिनाचा कल थोडा आत घेतला की उड्या कमी होतात खऱ्या, पण वेगही जातो.

आमच्या बोटीत मागे काय नव्हतं! इंजिन मागे, चालक मागे, पंचवीस लिटरची पेट्रोलची टाकी मागे, आणि कोपऱ्यात इंजिनाला चिकटून अठरा किलोंची बॅटरी. ती तिथे ठेवणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. केबल आखूड लागते, सेल्फला (स्टार्टरला) पूर्ण दाब, म्हणजे व्होल्टेज, मिळतो, काम पटकन होतं. जिन्याखालचाच विचार, फक्त समुद्रावर केलेला.

इंजिन हलवता येत नाही. स्टिअरिंग हलवायचं तर अर्धी बोट फाडावी लागेल. राहिली टाकी आणि बॅटरी, त्यात बॅटरी सोपी. पण दाजींना पटेना. “अठरा किलोंनी काय होणाराय? सकाळी पोटभर जेवून आलो तर दोन किलो माझेच वाढतेत.” शंका रास्त होती. म्हणून पाटीवर मांडून दाखवलं. वजन गुणिले अंतर: अठरा किलो 1.8 मीटर पुढे नेले तर गुणाकार बत्तीसच्या वर. सत्तर किलोंच्या माणसाला एवढाच परिणाम साधायला साधारण 46 सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट, पुढे सरकावं लागेल. दाजींना दीड फूट पुढे सरकवलं तर ते स्टिअरिंगच्या पलीकडे जातील. बॅटरी जाऊ शकते. हे ऐकल्यावर ते गप्प बसले, म्हणजे अर्धे पटले.

उरलेलं अर्धं पटवायला पाण्याचा जार कामी आला. तोच, वीस लिटरचा, आमच्याकडे लग्नमांडवापासून तहसीलपर्यंत सगळीकडे दिसणारा. भोकं पाडायच्या, केबल कापायच्या आधी फक्त जार भरून बोटीत फिरवायचा. पूर्ण गळ्यापर्यंत भरायचा, कारण अर्धवट पाणी आत हिंदकळतं आणि आपल्याला भलतंच काही सांगतं. बॅटरी जागेवरच ठेवली. जार आधी तिच्या शेजारी मागे बांधून एक फेरी, मग तोच जार मध्यावर बांधून एक, मग पार नाळेत. माणसं तीच, पेट्रोल जवळपास तितकंच, मोबाईलवर वेग. एकूण वजन तिन्ही वेळा सारखं, त्यामुळे जो फरक दिसेल तो जागेचा.

जार मागे होता तेव्हा बोट आणखीच उलार. मध्यावर आला तशी ती लवकर सपाट झाली आणि उड्या पुष्कळ कमी झाल्या. नाळेत ठेवल्यावर गंमत झाली: पटकन प्लेनवर आली, दाजी खूश, आणि मग वळण घेताना टोक पाण्यात रुतून बोट भलतीकडे ओढू लागली, तोंडावर पाणी उडू लागलं, आणि वरचा वेगही उतरला. कारण पुढे भार आला की बुडाचा जास्त भाग पाण्याला घासतो. पुढे न्यावी, पण पार पुढे नको. शिवाय लाटेवर सगळ्यात जोराचा आपट नाळेलाच बसतो. साध्या लेड-ॲसिड बॅटरीच्या आत प्लेटा असतात. तो मार रोज खाल्ला की त्या सैल होतात, त्यांच्यावरचा माल झडून तळाशी साठतो आणि एक दिवस बॅटरी आतूनच शॉर्ट होते. म्हणून जागा ठरली बोटीच्या लांबीच्या जवळपास मध्यावर, पुढच्या बाकाखाली.

डावीकडे की उजवीकडे, यावर मात्र आमचं भांडण झालं. दाजी उजवीकडे बसतात, म्हणून तोल साधायला बॅटरी डावीकडे असावी हे त्यांचं म्हणणं. उभ्या बोटीत ते बरोबरच आहे. पण पंखा, म्हणजे प्रॉपेलर, मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. त्याची उलट प्रतिक्रिया म्हणून बोट डावीकडे कलू पाहते. चालकाची जागा उजवीकडे असण्यामागे हेही एक कारण सांगतात: त्याच्या वजनाने तो कल मारला जातो. मग बॅटरी डावीकडे टाकून वेगात पुन्हा डावं अंग जड कशाला करायचं? मधोमध ठेवली. मधोमध ठेवली की भांडण मिटतं, हा अनुभव घरातही उपयोगी आहे.

मग केबल. इथे देगलूर नाक्यावरचे उस्ताद आले. ट्रॅक्टर, टेम्पो, जेसीबी यांच्या वायरिंगमध्ये त्यांचा हात धरणारा नाही. बोट त्यांनी दोन्ही बाजूंनी फिरून पाहिली, फायबरवर टिचकी मारली आणि विचारलं, “इसकी बॉडी किदर है? अर्थ किसकू देना?” अगदी मर्मावर बोट. ट्रॅक्टरला उणी तार चासीला लावली की झालं. लोखंडच परतीची वाट. फायबर वीज वाहून नेत नाही, त्यामुळे अधिक आणि उणे दोन्ही केबल इंजिनापर्यंत न्याव्या लागतात. बॅटरी तीन मीटर दूर गेली तर वीज सहा मीटर चालते.

आणि सेल्फ म्हणजे काही हेडलाइट नव्हे. अशा इंजिनाचा सेल्फ क्षणभर शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो. जुनी केबल होती सोळा स्क्वेअर एमएमची. ती तशीच वाढवली असती तर दीडशे अँपिअरला सहा मीटर तांब्यात जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जिरला असता. आधीच सेल्फ मारताना बारा व्होल्टची बॅटरी खाली बसलेली असते, त्यात हा एक व्होल्ट. उन्हाळ्यात चालून जाईल. डिसेंबरच्या सकाळी सेल्फ ‘घर्र’ करून थांबेल. पस्तीसची केबल घेतली की तोच तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत येतो. उस्तादांना आकडेमोड लागली नाही. त्यांनी जुनी केबल बोटात धरून पाहिली, तोंड वाकडं केलं आणि शागिर्दाला पस्तीसची आणायला पिटाळलं.

एक हिशेब मात्र त्यांनाही नवा होता. पस्तीसच्या सहा मीटर केबलीत नुसतं तांबंच दोन किलोंच्या जवळपास. भार सरकवायला निघालो आणि थोडा वाढवून बसलो. पण तो बोटीच्या लांबीभर पसरलेला असतो, त्यामुळे चालतो. तरीही केबल जरुरीपेक्षा लांब ठेवून गुंडाळी करून बाकाखाली कोंबायची आपली सवय इथे महागात पडते: वजन वाढतं आणि व्होल्टही जातात.

केबलच्या टोकांची थिंबल (बोल्टला अडकवायची धातूची टोकं) पंचिंग मशीनने दाबून बसवली, वरून आतल्या अंगाला गोंद असलेली स्लीव्ह तापवून चढवली. उस्तादांचा आग्रह डाग देण्याचा, म्हणजे सोल्डरिंगचा, होता. डाग दिलेली केबल कडक होते, आणि जिथे कडक भाग संपून मऊ सुरू होतो तिथेच कंपनाने तार तुटते. मोठ्या करंटला थिंबल तापला तर डाग वितळतोही. हे त्यांनी ऐकून घेतलं, मान्य केलं असं म्हणवत नाही. टर्मिनलवरचे पाकळीचे नट काढून नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) लावले. पाकळीचा नट हाताने सुटतो म्हणून सोयीचा, आणि त्याच कारणाने कंपनाला तो आपोआप सुटतो. केबल बाजूच्या भिंतीला वरच्या अंगाने, हात-हातभर अंतरावर क्लिपांनी बांधत नेली. बुडात साचणाऱ्या पाण्यातून ती कधीच नेऊ नये. कल्हई केलेली तांब्याची केबल सगळ्यात चांगली, समुद्रावर तर तीच हवी. गोड्या पाण्यात नीट सील केलेली साधी केबलही टिकते, असं माझं मत आहे. कोकणातले लोक हसतील तर हसोत.

या सगळ्या कामात मला खरा रस होता तो बॅटरी बसवण्यात, आणि तिथेच आपल्याकडे सगळ्यात जास्त आनंदीआनंद. सायकलच्या ट्यूबचं रबर, सुतळी, बाईंडिंग वायर. टेम्पोत बॅटरी ट्यूबने बांधलेली मी वर्षानुवर्षं पाहतोय आणि टेम्पो चालतायत. पण टेम्पोला खड्ड्यात जो हिसका बसतो तो बोटीला वेगात प्रत्येक लाटेला बसतो. आपट पाच पटीचा धरला तर अठरा किलोंची बॅटरी त्या क्षणी नव्वद किलोंसारखी ओढ घेते. कधी खाली, कधी वर. ती सुटली तर नुसती पडत नाही. ॲसिड सांडतं, अधिकचं टोक कुठल्या तरी धातूला टेकतं, ठिणगी पडते, आणि तिथून हातभर अंतरावर पेट्रोल असतं.

फळी 18 एमएमच्या मरीन प्लायची. ती बुडाच्या पातळ कातडीवर बसवायची नाही. आत लांबीने गेलेल्या आधाराच्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर बसवायची. जुनं फायबर घासून खरबरीत केलं, पुसलं, एपॉक्सीवर फायबरग्लासच्या मॅटचे थर दिले. साधं पॉलिस्टर रेझिन स्वस्त आणि इकडे सहज मिळतं, पण वाळून जुन्या झालेल्या फायबरवर त्याची पकड एपॉक्सीइतकी नसते. स्क्रू थेट तळात घालायची कल्पना कुणी मांडली तर त्याला चहा पाजून घरी पाठवावं. तळाच्या खाली पाणी आहे, एवढी साधी गोष्ट ड्रिल हातात आलं की माणूस विसरतो. फळीतून बोल्ट आधीच वर काढून ठेवले, त्यावर ट्रे, ट्रेमध्ये बॅटरीचा डबा, आणि वरून आडवी पट्टी. ट्रे बुडापासून थोडा उंच, म्हणजे आत शिरलेलं पाणी डब्याला लागत नाही.

घट्ट बसली की नाही हे कसं ठरवायचं? हाताने हलवून पाहणं हा काही पुरावा नव्हे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा यावर एक नियम आहे: बॅटरीला 90 पौंड, म्हणजे साधारण 41 किलोंनी, किंवा तिच्या वजनाच्या दुपटीने, यांपैकी जे कमी असेल तितक्या जोराने, वर, पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना एकेक मिनिट ओढायचं, ती कुठेही एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. नियम आउटबोर्डच्या बोटींसाठी नाही, पण कसोटी म्हणून उत्तम. आमच्या बॅटरीला 36 किलो. आणि 36 किलोंची ओढ मोजायला मराठवाड्यात कुठे जावं लागत नाही: वेचणीचा कापूस तोलायचा आकड्याचा काटा घरात होताच. डब्याभोवती दोर घेतला, काटा अडकवला, दाजी ओढतायत आणि मी घड्याळ बघतोय. वर ओढताना पट्टी किंचित वाकली, तेव्हा जाड पट्टी लावली. दुसऱ्या खेपेला काटा 36 दाखवत राहिला आणि बॅटरी जागची हलली नाही. त्या काट्याने ज्या बायकांचा कापूस तोलला जातो त्यांना हे सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, काट्यात खोट नाही ना ते आधी बघा.

त्याच नियमांत आणखी एक शहाणपण आहे: बॅटरी पेट्रोलच्या टाकीच्या किंवा नळीच्या जोडाच्या थेट वर किंवा खाली नसावी. चार्ज होताना साधी बॅटरी हायड्रोजन सोडते, आणि तो हवेत चार टक्के झाला तरी पेटू शकतो. वर जाणारा वायू आहे, म्हणून बाकाखालच्या कप्प्याला वरच्या बाजूला भोकं ठेवली. अधिकच्या टर्मिनलवर रबरी टोपण. बॅटरीजवळ एक कट-ऑफ स्विच, आणि दिवे, पंप, हॉर्न यांच्या वायरीला बॅटरीच्या टोकाशीच फ्यूज. फ्यूज दूर लावला तर मधली तार उघडीच राहते. बुडातलं पाणी उपसणारा पंप मात्र त्या स्विचच्या आधी, वेगळ्या फ्यूजवरून, थेट जोडला. बोट काठाला बांधून आपण घरी झोपलेलो असताना पाऊस येतो, आणि तेव्हा स्विच बंद असतो. इंजिन चालू असताना तो स्विच कधीच बंद करायचा नाही, नाहीतर इंजिनाची चार्जिंगची यंत्रणा जळू शकते. हे दाजींनी डब्यावर मार्करने लिहून ठेवलंय, त्यांच्या अक्षरात, म्हणजे ते फक्त त्यांनाच वाचता येतं.

‘एवढा खटाटोप कशाला, लिथियम घ्या, निम्म्याहून हलकी’ असं सुचवणारे भेटलेच. हलकी असते यात वाद नाही. पण जुन्या टू-स्ट्रोकचं चार्जिंग लेड बॅटरीसाठी केलेलं असतं. दाब वर गेला की लिथियममधलं संरक्षक सर्किट एकदम तोडून टाकतं, आणि चालू इंजिनावर बॅटरी अचानक गायब होणं म्हणजे तोच स्विच बंद केल्यासारखं. इंजिन त्यासाठी बनलेलं असेल तर जरूर घ्यावी. या इंजिनाला मी घेतली नसती.

बोट आता लवकर सपाट होते, आणि दाजींना ढगांऐवजी पाणी दिसतं. मामांनी एकदा पाहिलं आणि मान हलवली. त्यांच्याकडून एवढंच मिळतं. आता दाजींचा डोळा पेट्रोलच्या टाकीवर आहे. पंचवीस लिटर पेट्रोल म्हणजे साडेअठरा किलो, बॅटरीइतकंच, तर तेही पुढे घ्या म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही. बॅटरी सकाळीही अठरा किलो आणि संध्याकाळीही अठरा किलो. टाकी निघताना भरलेली आणि परतताना रिकामी. ती पुढे नेली तर निघताना बोट एक आणि येताना दुसरी. टाकी तोलाच्या बिंदूवरच हवी, म्हणजे भरली-रिकामी काहीही असो, नाळ तिथेच राहील. तो बिंदू अगदी दाजींच्या पायाशी येतो. त्यांना पाय कुठे ठेवायचे, यावर सध्या बोलणं चालू आहे.